आधी उजेडात ये

दोन बोटांत तुमची हनुवटी धरायची, तोंड दाराकडे फिरवायचं आणि म्हणायचं, "आधी उजेडात ये. मग काय ते बोल." काकूंच्या पार्लरात येणाऱ्या प्रत्येकीचं स्वागत असंच होई. 'या, बसा' नाही, पाणी नाही. हनुवटी दुसऱ्याच्या हातात असली की माणसाला फार काही बोलता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला त्याच बोलत आणि आपण छताकडे बघत ऐकायचं.

"ट्यूबलाइटखाली समदी मढी दिसत्यात," हे त्यांचं लाडकं वाक्य. एखादी नवी मुलगी ते ऐकून दचकली की त्यांना फार बरं वाटे.

मी त्यांची भाडेकरू. जालन्याहून हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला आले आणि ऑफिस जवळ पडेल म्हणून शेजारच्या माण गावात खोली घेतली. काकूंच्या घराच्या वर खोल्यांचे मजले चढलेले, आणि प्रत्येक खोलीत एकेक जिल्हा. त्या भाडेकरूंना नावानं हाक मारत नसत. "अमरावतीचा गॅस संपलाय", "सोलापूर रात्रपाळीला गेलं", "ए जालना, मोटर बंद कर, टाकी वाहतीया!" हे रोजचं. घरामागच्या शेतावर आता काचेची मोठी इमारत उभी आहे. तिच्याकडे बोट दाखवून त्या नव्या माणसाला सांगत, "हितं आमची मेथी व्हायची." सांगण्यात दुःख फारसं नसे. मेथी मात्र चांगली होत असावी.

पार्लर जुन्या गोठ्यात होतं. म्हशी विकल्यावर काकांना तिथं किराणा दुकान काढायचं होतं, पण काकूंनी पौडला जाऊन पार्लरचा कोर्स केला आणि गोठ्याला फरशी घालून घेतली. भिंतीतली म्हशी बांधायची कडी त्यांनी ठेवली, तिच्यात टॉवेल अडकवत. दार पूर्वेला, चांगलं रुंद, कारण ते म्हशींच्या मापाचं. सगळं काम त्या दारातच खुर्ची ओढून करत. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आत कोणाच्या भुवया चालल्यात ते दिसे, पण त्याची ना त्यांना फिकीर, ना गावाला.

काकू काळ्या होत्या. मुद्दाम असं लिहिते आहे, कारण 'सावळी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सावळी काय सावळी? काळं म्हणायला लाज वाटती व्हय?" असं त्या तोंडावर विचारत. मीही त्याच रंगाची. आमच्याकडे घरात पाहुणे आले की आई मला "गव्हाळ" म्हणून टाकायची. तसा गहू जालन्याच्या बाजारात मला कधी दिसला नाही.

काकूंकडे रंगांची स्वतःची नावं होती. गूळ, काकवी, नाचणी, चिंच, जांभूळ. बाटल्यांवर कंपन्यांनी काय काय छापलेलं असे, त्यावर त्या चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहीत. नवरी आली की जबड्याच्या कडेला थोडं लावून बघायचं, आरसा घेऊन दारात जायचं आणि निकाल द्यायचा, "तू काकवी. वाईच नाचणी मिसळाया लागंल." मी भाजलेली नाचणी निघाले. कच्ची नाही, भाजलेली. यात त्यांना फार फरक वाटे.

एकदा मालाचा नवा विक्रेता आला. टाय वगैरे लावलेला, पेटीत सगळे नमुने ओळीनं मांडलेले, फिकटपासून गडदपर्यंत. काकूंनी बाही वर केली आणि आपला हात त्या ओळीशेजारी टेबलावर ठेवला.

"यातलं माझं कुटलं?"

त्यानं पेटीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग शेवटच्या बाटलीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, हा सगळ्यात डार्क आहे. हा लावला की तुम्ही ब्राइट दिसाल."

"ब्राइट न्हाई, राख फासल्यावानी दिसंल. तुमची पेटी जितं संपती ना, तितं आमचं गाव सुरू हुतं." त्याला चहा मात्र दिला. दुधाचा, भरपूर साखरेचा. पुढं तोच विक्रेता त्यांच्यासाठी कुठून कुठून गडद बाटल्या शोधून आणू लागला आणि काकू त्याला 'आमचा टाय' म्हणू लागल्या.

माझ्या गालांवर तेव्हा मुरमांचे काळे डाग होते आणि मी रोज सकाळी त्यावर लिंबू घासत असे. पहिल्याच भेटीत हनुवटी धरून त्यांनी ते ओळखलं. "लिंबू पोह्यावर पिळायचं. गालावर कशापायी पिळतीस?" लिंबू बंद करून त्यांनी मला आपलं उटणं सुरू केलं. मसूर, संत्र्याची साल, आंबेहळद आणि आणखी काय काय. ते उटणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण होतं. सासूकडून आलेलं, त्यात त्यांनी आपली भर घातलेली. डब्यात चमचा घालताना त्यांचा चेहरा देवापुढं बसल्यासारखा होई. माझे डाग त्यानं गेले नाहीत, वाढलेही नाहीत. काकूंच्या मते ते गेले होते.

आता त्यांची दुसरी ख्याती सांगायला हवी. गावात कुणाकडे मूल झालं की पाचव्या-सहाव्या दिवशी काकूंना बोलावणं येई. तुम्ही पाहिलं असेल, आपल्याकडे जुन्या बायका तान्ह्या बाळाचे कान बघतात. तान्हं मूल सगळंच लालगोरं असतं. पुढं त्याचा रंग कसा होणार ते म्हणे कानाच्या वरच्या कडेवरून कळतं. रंगांतलं काकूंना कळतं, ही गावाची खात्री, त्यामुळे कान बघायचा मान त्यांचा. बायका श्वास रोखून उभ्या. काकू बाळाला मांडीवर घेत, कान हळूच दोन बोटांत धरत, पुढून बघत, मागून बघत आणि जाहीर करत, "कान झ्याक हायेत. पोरीला चांगलं ऐकाया येणार."

"अगं, रंग सांग की!"

"रंग व्हय? रंगाचं काय, पोरगी मोठी झाली की दिसंलच." आणि बाळाच्या टाळूवर हात ठेवून उठत. बायका वैतागत, पण पुढच्या बाळाला पुन्हा त्यांनाच बोलावत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही बाळाचा रंग सांगितला नाही.

त्यांना एकच मुलगी. शुभांगी, घरात शुभी. आईच्या वर्णाची, आईपेक्षा उंच, कंपन्यांच्या कॅबचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या एका ऑफिसात कामाला. स्वभावानं शांत. आई बोलायला लागली की ती कानात इअरफोन घाली. माझं आणि तिचं चांगलं जमे, गच्चीवर कपडे वाळत घालताना आमच्या गप्पा होत.

तिचं लग्न पौडजवळच्या एका घरात ठरलं. मुलाचं पौडमध्ये दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. बघायचा कार्यक्रम नीट झाला, दोन्हीकडून होकार झाले, सुपारी फुटली. फक्त निघताना मुलाच्या काकीनं चप्पल घालता घालता एक वाक्य टाकलं. "फोटूत उजळ वाटली व्हती."

वाक्य तेवढंच. काकूंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. फोटो मोबाइलवर काढलेला होता, आणि हल्लीचे मोबाइल न विचारताच माणसाला उजळ करून टाकतात, हे आपल्याला माहीतच आहे. शुभीनं मात्र ते वाक्य सोडलं नाही.

पुढच्या महिन्याभरात शुभी खरोखरच उजळली. गाल गुळगुळीत, तकतकीत दिसू लागले. शेजारणी म्हणू लागल्या, लग्नाचं तेज चढलं. मीही म्हटलं. काकूंना तर आकाश ठेंगणं झालं. "आमचं उटणं हाय ते!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रंगावरून एरवी एवढं बोलणारी ही बाई, पण स्वतःची मुलगी उजळली म्हणताना तिचा आवाज जरा वर चढला होता, हे मी ऐकलं आहे. आईच ती. उटण्याचे डबे भराभर खपले आणि अमरावतीनंसुद्धा एक नेला.

गंमत म्हणजे गावातल्या प्रत्येकीची हनुवटी धरणाऱ्या काकूंनी त्या महिन्यात शुभीला एकदाही दारात उभं केलं नाही. घरातलंच माणूस, रोज समोर. कशाला बघायचं?

लग्न वैशाखात होतं. पत्रिका वाटायला शुभी काकांबरोबर दुपारभर उन्हात गावोगाव फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "ए जालना! खाली ये आधी, हिला समजाव!"

शुभी मधल्या खोलीत कोपऱ्यात बसली होती, तोंडावर ओढणी. काकू उटण्याची वाटी घेऊन उभ्या. "तोंड भाजलंय म्हणती. थंड लेप लावू म्हणलं तर वरडतीया."

"लावू नको! हात नको लावूस!" शुभीचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"बरं, आधी उजेडात ये," काकू सवयीनं म्हणाल्या.

त्यावर शुभीनं ओढणी काढली. गाल लालबुंद सुजलेले, त्यावर बारीक पुटकुळ्या, कपाळावर चट्टे. तिनं पर्समधून एक चेपलेली ट्यूब काढली आणि आईच्या वाटीत टाकली. "हे लावत होते. तुझं उटणं न्हवतं ते. मैत्रिणीनं सांगितलं, मेडिकलात मागितली आणि मिळाली. लावायची बंद केली की आग होती, म्हणून रोज लावत गेले." मग तिचा आवाज खाली आला. "समद्या गावाला उजेडात बघतीस आई. मला कवा बघितलंस?"

काकूंनी वाटी खाली ठेवली, त्या मुलीपुढं बसल्या आणि तिच्या हनुवटीकडे हात नेला. पण धरली नाही. हात तसाच मांडीवर घेतला.

आम्ही तिला पुण्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई आमच्याच रंगाच्या होत्या, हे काकूंनी आत शिरताक्षणी हेरलं आणि त्यांना जरा धीर आला. बाईंनी शुभीला खिडकीपाशी बसवून तपासलं, ट्यूब वाचली आणि समजावून सांगितलं. यात स्टेरॉइड आहे. एखाद्या आजारावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस लावायचं हे औषध. गोरं व्हायची क्रीम नव्हे. रोज लावून कातडी पातळ झाली, म्हणून ऊन सोसलं नाही. आता ते सोडताना चेहरा आणखी उसळेल, मग हळूहळू बसेल.

"लग्नापतुर?" काकूंनी विचारलं.

"लग्नापर्यंत नाही. काही महिने लागतील. आपल्यासारख्या त्वचेवर डागही जास्त रेंगाळतात. ब्लीच नाही, फेशियल नाही, हळद नाही. घरी आणखी काय लावता?"

काकूंनी उटण्यातले पदार्थ सांगायला सुरुवात केली. चौथ्या पदार्थाला बाई म्हणाल्या, "तेही बंद." मग उन्हापासून जपायचं क्रीम लिहून दिलं आणि ते काकूंनीही लावावं, मीही लावावं, असं सांगितलं.

"आमी तर काळ्याच हाओत. आमाला काय ऊन लागतंय?"

"उन्हानं डाग गडद होतात, काळ्या माणसाचेही. म्हणून तर सांगते."

परतीच्या वाटेवर काका गाडी चालवत होते, शुभी मागं डोळे मिटून बसली होती. चांदणी चौक गेल्यावर काकू एकदम म्हणाल्या, "उटणं बी बंद म्हणली. सासूबाईंचं उटणं." आणखी थोड्या वेळानं त्या स्वतःशीच म्हणाल्या, "काळ्या म्हशीला उनाचं कळतंय, ती डबक्यात जाऊन बसती. आपल्याला न्हाई कळलं." त्या वेळी कुणी हसलं नाही. पुढं हेच वाक्य पार्लरात रोज ऐकू येणार होतं.

लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. बस्ता झालेला, पत्रिका गेलेल्या. भावकीतल्या बायकांनी एकापेक्षा एक उपाय सुचवले. कुणी म्हणालं, जाड मेकअप थाप, कुणाला काय कळतंय. घरातच मेकअपवाली असल्यावर चिंता कसली? आणि खरंच, काकूंना ते सहज जमलं असतं. त्यांच्या हातात ती कला होती. सुजलेल्या गालांवर मेकअप झोंबेल याची शुभीला भीती वाटत होती आणि आशाही त्या मेकअपचीच होती. मांडवात चेहरा बघून ती माणसं काय म्हणतील, लग्न मोडतील का, की करून घेऊन जन्मभर टोमणे मारतील, हे ती मला गच्चीवर पुन्हा पुन्हा विचारत होती.

रविवारी सकाळी काकूंनी फर्मान काढलं, "गाडी काढा. पौडला जायचं. ए जालना, तू बी चल, शुभीला आधार हुईल."

शुभीनं ओढणीनं तोंड घट्ट बांधलं होतं. मुलाच्या घरापुढं गाडी थांबली तेव्हा काकू तिला एवढंच म्हणाल्या, "वडणी काढ बाळा. मी हाय." बाळा म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

मुलाची आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. काकूंनी नमस्कार केला आणि आत जायच्या आधीच, अंगणात उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली. "विहीणबाई, पोरीचं तोंड बिघडलंय. गोरं व्हायला तिनं नको ते लावलं. माझ्या घरात लावलं, माझ्या डोळ्यांदेखत, आन् मी समद्यांना सांगत हिंडले की माझ्या उटण्यानं झालं. चूक माझी हाय. लग्नापतुर बरं हुणार न्हाई म्हणत्यात. झाकून आणता आली असती मला, पन मी झाकणार न्हाई. तुमी उजेडात बघा आन् काय ते आत्ता सांगा."

शुभी मान वर करून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते गालावर येऊ दिलं नाही, बहुतेक झोंबलं असतं म्हणून. मुलाच्या आईचे हात पिठाचे होते. काकांनी उगाच गाडीची चावी या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. रविवार असूनही कुणाची तरी गाडी खोलून बसला होता, हाताला ऑइल. त्यानं शुभीकडे बघितलं, नीट बघितलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

एवढंच. शुभीनं मान हलवली, हो म्हणून, आणि मग ती रडली. तेव्हा माझ्या आणि बहुतेक काकूंच्याही एकदम लक्षात आलं की इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणी तिला विचारलाच नव्हता. आम्ही सगळे डाग बघत होतो.

मुलाच्या आईनं पिठाचे हात पदराला पुसले. "आत या की आधी. उनात काय हुबं केलंय पोरीला? उनानंच वाढतंय म्हणता ना?" आणि आत जाता जाता म्हणाली, "ते उजळ-बिजळ माझी जाऊ म्हणली व्हती. तिला सवय हाय. मला बी म्हणली व्हती, माझ्या लग्नात." बाईकडे आता मी नीट बघितलं. काकवीच म्हणायची.

लग्न ठरल्या दिवशी झालं. हळदीला काकूंनी सांगून टाकलं, "हळद हाताला आन् पायाला. तोंडाला न्हाई." म्हाताऱ्या बायका खवळल्या. तोंडाला हळद नाही म्हणजे काय, नवरी आहे की कोण? काकू शुभीच्या पुढ्यात ठाण मांडून बसल्या आणि जिचा हात वर जाईल तिचा हात पकडून पायाकडे नेऊ लागल्या. "हितं लावा, हितं लई जागा हाय." शेवटी म्हाताऱ्यांनाही हसू आलं आणि शुभीचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळे झाले.

आणि ज्या काकूंनी निम्म्या तालुक्याच्या नवऱ्या सजवल्या, त्यांची मुलगी काजळ, टिकली आणि मुंडावळ्या एवढ्यावर मांडवात उभी राहिली. गालावरचे चट्टे दिसत होते. पंगतीत कुजबुज झालीच. एकजण पुढं येऊन म्हणालीही, "अगं, पार्लरवालीच्याच पोरीला मेकअप न्हाई?"

"केलाय की," काकू म्हणाल्या. "दिसत न्हाई म्हंजी चांगला झालाय."

फोटोवाल्याच्या दुकानात त्या स्वतः जाऊन बसल्या. तो सवयीनं नवरीचा चेहरा कॉम्प्युटरवर साफ करायला लागला, तसा त्यांनी त्याचा माउसवरचा हातच धरला. "राहू दे. जशी हाय तशी." तोच फोटो मोठा करून पार्लरात आरशाशेजारी लावला. नवऱ्याकडे बघून हसणारी शुभी, गालावर चट्टे. बायका विचारत, हे काय झालंय हिला? मग काकू सगळी हकिकत सांगत, स्वतःच्या चुकीसकट, तिखटमीठ लावून. हनुवटी धरून झाली की नवा प्रश्न विचारत, "घरी काय लावतीस? खरं सांग. कुणाला सांगत न्हाई." पोरी एकेक ट्यूब पर्समधून काढून देत. काकू त्यांना त्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवत. उटण्याचा डबा त्यांनी फेकला नाही. त्यातलं आता पायांना लावत. "पायांना काय बी चालतं," असं म्हणत, पण डबा उघडताना चेहरा अजून तसाच होई.

मी पुढं माण सोडलं. लग्न झालं, नवऱ्याची बदली नाशिकला झाली. काकूंचा फोन अधूनमधून येई. "क्रीम लावतीस ना? स्कूटर चालवताना बी?" माझे डाग एव्हाना बरेच गेले होते. शुभीचेही गेले, वर्षभर लागलं.

मागच्या हिवाळ्यात शुभीला मुलगी झाली. बाळंतपण माणलाच झालं आणि बारशाला मला बोलावणं आलं. घर बायकांनी भरलेलं. पाळणा पार्लरात बांधला होता, गोठ्याचं आढं मजबूत म्हणून. टॉवेलाच्या कडीला फुगे लटकत होते. शुभीची सासू नटूनथटून खुर्चीत बसली होती, आणि ती चप्पलवाली काकीही आली होती.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि कुणीतरी ते म्हणालंच. "कान बघ की गं आता. घरचीच नात हाय, आता तरी नीट सांग!"

सगळ्या हसल्या. काकूंचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. शुभी मात्र हसली नाही. ती पाळण्याजवळ बसली होती आणि आईच्या तोंडाकडे बघत होती. माझ्या शेजारीच होती ती. तिनं माझा हात धरला होता, तो घट्ट झाला.

काकूंनी नातीला उचललं. मांडीवर घेतलं नाही, सरळ दारात नेलं. ऊन कोवळं होतं. उजेडात उभं राहून त्यांनी तो एवढासा कान दोन बोटांत धरला. पुढून बघितला, मागून बघितला. मग दुसराही बघितला. मला वाटलं, आता म्हणतील चांगलं ऐकायला येणार.

काकू वळल्या. लॉटरी लागलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"काळी हुणार!" त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "माझ्यावानी काळी हुणार गं माझी बाय! शुभे, तुझ्यावानी!"

मग शुभीची सासू उठली, पेढ्याचा डबा उघडून पहिला पेढा तिनं आपल्या जावेच्या तोंडात घातला आणि मग सगळ्यांना वाटायला लागली. शुभी हसत होती, डोळे पुसत होती, आणि या वेळी पाणी गालावर आलं तरी तिला झोंबत नव्हतं.

काकू दारातच उभ्या होत्या. नात एवढा गोंधळ ऐकून जागी झाली होती, आणि त्या तिची हनुवटी दोन बोटांत धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवत होत्या.